वॉट लागली

माणसाची किंमत पगारावरून करू नये असं आपण मुलांना शिकवतो आणि यंत्राची किंमत मात्र वॉटवरून करतो. मिक्सर असो, पंखा असो, इस्त्री असो, मध्यमवर्गीय माणूस दुकानात शिरला की काउंटरवर कोपर टेकवून पहिला प्रश्न टाकतो, “किती वॉट?” विकणारा आकडा सांगतो. आपण गंभीरपणे मान डोलावतो. त्या आकड्याचं पुढं काय करायचं हे दोघांनाही ठाऊक नसतं, पण व्यवहाराला एक शास्त्रीय बैठक येते. गीझरच्या बाबतीत माझी तक्रार नाही. तापणं हेच त्याचं जीवितकार्य. पण ज्या यंत्राचं सगळं कसब बेतानं हलण्यात आहे, त्यालाही हाच प्रश्न विचारायचा म्हणजे सतार वाजवणाऱ्याला “आपलं वजन किती?” असं विचारण्यापैकी आहे.

मी बोलतोय ते ऑसिलेटिंग मल्टी-टूल नावाच्या हत्याराबद्दल. त्या हत्याराशी माझं भांडण नाही. ते गुणी आहे. माझं भांडण आहे ते त्याला विकणाऱ्यांशी, वॉट मोजून घेणाऱ्यांशी, त्याचं असलं नाव ठेवणाऱ्याशी आणि न वापरताच त्याला नाकं मुरडणाऱ्यांशी. एवढी माणसं वगळली तर भांडायला फारसं कुणी उरत नाही, हे मला मान्य आहे.

ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लांबट दुधी भोपळ्याएवढं अंग, एका मुठीत मावेल असं. पुढच्या टोकाला एक चपटं पातं. हे पातं गोल फिरत नाही, वर-खालीही होत नाही. ते नुसतं डावी-उजवीकडे हलतं. दारात वर्गणीवाले आले की आपण धड होय नाही आणि धड नाही नाही अशी मान हलवतो ना, तसं. फक्त आपण दोनदा हलवतो आणि हे मिनिटाला वीस हजार वेळा हलवतं. म्हणजे सेकंदाला सुमारे ३३३ वेळा. आणि हालचाल केवढी? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी मिळून तीन-चार अंश. डोळ्यांना ती दिसतसुद्धा नाही. आवाज मात्र असा येतो की, आपल्या कानापाशी गुणगुणणारा डास एकाएकी पैलवान झाला आहे.

गोल करवतीला फिरायला अंगण लागतं. जिगसॉला शिरायला आधी भोक पाडून द्यावं लागतं, आणि कोपऱ्यापर्यंत ती पोचत नाही ती नाहीच. पटाशीला हातोडी मारायला मागं हातभर जागा लागते. हे पातं मात्र तोंड पुढं करून थेट फळीत शिरतं, भिंतीला चिकटून, फळीला टेकून, खणाच्या कोपऱ्यात. जिथं दुसरं कुठलंच पातं जात नाही तिथं जाणं, हा याचा धर्म. बाकी सगळं शेजारधर्म.

याचा जन्म सुताराच्या नव्हे, डॉक्टरांच्या घरातला. होमर स्ट्रायकर नावाचे एक अमेरिकन अस्थिशल्यविशारद होते. त्यांनी १९४० च्या दशकात हाडाला घातलेलं प्लॅस्टर कापायला अशी थरथरणारी करवत काढली. तिची गंमत अशी की, ती प्लॅस्टर कापते पण आतली कातडी सहसा कापत नाही. कारण कातडी मऊ. ती पात्याबरोबर मागं-पुढं हलते आणि सुटते. प्लॅस्टर ताठ, ते हलत नाही, म्हणून ते कापलं जातं. ताठ राहतो तो कापला जातो आणि डुलतो तो वाचतो, हे तत्त्व सरकारी नोकरीत काढलेल्या कुणालाही नवीन वाटणार नाही. पुढं जर्मनीतल्या फाइन कंपनीनं, म्हणजे ज्यांनी १८९५ मध्ये विजेवर चालणारं हातातलं ड्रिल बनवलं त्यांनीच, हे थरथरणं कारखान्यात आणलं. चिकटवलेल्या मोटारीच्या काचा सोडवायला त्याचा उपयोग झाला, आणि १९८० च्या दशकात ‘मल्टीमास्टर’ म्हणून ते घराघरांत शिरलं. २००८ च्या सुमाराला त्यांच्या पेटंटची मुदत संपली आणि मग काय, मंडईत मटार स्वस्त व्हावेत तशी जो तो आपापली पाटी घेऊन बसला.

जाता जाता एक सांगून ठेवतो. हल्ली काही उत्साही मंडळी चालू मल्टी-टूलच्या पात्यावर तळहात ठेवून दाखवतात आणि “बघा, कापत नाही!” म्हणतात. डॉक्टरांच्या पात्याचे दात वेगळे आणि लाकडाच्या पात्याचे वेगळे. लाकडाच्या पात्याला तो वैद्यकीय शिष्टाचार कुणी शिकवलेला नसतो. तळहात खिशात ठेवावा.

आता नावाकडे येतो, कारण सगळ्या अनर्थाचं मूळ तिथं आहे. ‘मल्टी’. एकदा हा शब्द डब्यावर छापला की विकणाऱ्याच्या जिभेला हाड राहत नाही. हे कापतं, घासतं, खरवडतं, टाइलांमधलं सिमेंट काढतं, जुना गालिचा सोडवतं, रंग उडवतं. डब्यात बेचाळीस नग. त्रिकोणी पॉलिश पेपरच वीस, म्हणजे नगांची निम्मी संख्या तिथंच भरली. उरलेल्यांत चारच पाती, आणि तीही अशी की, पहिल्याच सागवानी फळीवर दात टेकल्याबरोबर त्यांना अक्कलदाढ दुखल्यासारखं होतं. हे बेचाळीस नग म्हणजे हळदीकुंकवाच्या वाणासारखे आहेत. मोजून घ्यायचे, घरी नेऊन माळ्यावर टाकायचे आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालायचे.

अहो, पण कपाटं, ड्रॉवर, दारांच्या चौकटी असलं नाजूक काम करणाऱ्याच्या दृष्टीनं हे ‘मल्टी’ मुळीच नाही. आठ फुटी प्लायवूड याच्यानं सरळ कापणार नाही, त्याला गोल करवतच हवी. टेबलाचा पृष्ठभाग याच्यानं घासायला बसलात तर सूनमुख पाहण्यापूर्वी काम संपणार नाही. सनमायकाच्या कडा मारायला ट्रिमर वेगळा. सुतारकामात हे एकाच कामाचं हत्यार आहे. अडचणीत शिरणं आणि आखलेल्या रेघेवर थांबणं. म्हणून ते निवडायचं तेही तेवढ्याच कामासाठी. आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी भाजी चिरता चिरता एवढंच विचारलं होतं, “कुठल्या फटीत घालायचंय ते आधी सांगा, मग कुठलं घ्यायचं ते ठरेल.” या विषयावरच्या कुठल्याही माहितीपुस्तिकेत याहून शहाणं वाक्य मला आढळलेलं नाही.

फट अशी होती. आमची जुनी बिल्डिंग पुनर्विकासात गेली आणि तीन वर्षं भाड्याच्या जागेत काढून आम्ही नव्या ब्लॉकमध्ये आलो. बरोबर आजोबांचं सागवानी कपाट. ते सागवान थेट ब्रह्मदेशातलं असल्याचं आमच्या घरात पिढीजात सांगितलं जातं. (मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाचं सागवान ब्रह्मदेशातलंच निघालं आहे. चंद्रपूरचं सगळं सागवान कुणाकडे गेलं, हा संशोधनाचा विषय आहे.) तर कपाट ज्या भिंतीला लावायचं, नेमका त्याच भिंतीवर विजेचा बोर्ड. बिल्डरला बोर्ड हलवायला सांगण्यापेक्षा हिमालय हलवणं सोपं. तेव्हा कपाटाच्या पाठीला आतून एक खिडकी पाडायची ठरली, साधारण सहा इंच बाय चार. आणि ती कुठं? उजव्या बाजूच्या फळीला आणि खालच्या खणाला अगदी चिकटून. एका बाजूला दोन सूतही चुकलं तर आजोबांच्या हातचं खण कापलं जाणार. असं लाकूड आता पैसे मोजूनही तसं मिळत नाही, आणि मिळालं तरी ते आजोबांनी रंधलेलं नसतं. प्रयत्न एकच करायचा होता.

माझे एक मेहुणे आहेत. त्यांना जगातल्या प्रत्येक वस्तूचे वॉट पाठ आहेत. ते म्हणाले, “भावजी, सातशे वॉटच्या खाली बघूच नका. आणि एकदा मशीन घरात आलं की मिस्त्रीची मजुरी वाचली. दोन कपाटांत पैसे वसूल!” मी म्हटलं, “मला दोन कपाटं कापायची नाहीत, एकच वाचवायचंय.” ते त्यांना पटलं नाही. पटवून घेणं हा त्यांचा विषयच नाही.

मजुरीचा मुद्दा आला म्हणून सांगतो. आमच्याकडे सत्तरीचे एक मिस्त्री येतात. पंचेचाळीस हजारांचा फोन भाव न करता घेणारी आमची सोसायटी या मिस्त्रींच्या मजुरीत मात्र शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करते. यंत्राला कुठं कापायचं हे कळतं अशी या लोकांची समजूत आहे. यंत्र कापतं. कुठं कापायचं हे मिस्त्रींच्या कानामागच्या पेन्सिलीला कळतं. त्या खिडकीची नुसती मापं घ्यायला मिस्त्रींनी सकाळचे दोन तास घेतले. मापं घेताना ते कपाटाच्या आत बसले होते आणि फक्त त्यांचे पाय बाहेर दिसत होते. यंत्र निवडायला मी त्यांनाच बरोबर नेलं. त्यांच्या त्या दिवसाची मजुरी दिली, हेही मुद्दाम सांगतो, कारण सल्ला ही फुकट मिळणारी वस्तू आहे असं आपल्याकडे डॉक्टर आणि वकील सोडून बाकी सगळ्यांच्या बाबतीत मानलं जातं.

पेठेतल्या एका दुकानात गेलो. टाय लावलेला एक तरुण पुढं आला.

“साहेब, हे घ्या. सातशे वॉट. बेचाळीस अॅक्सेसरीज. बॅगसुद्धा फ्री.”

मी विचारलं, “डिग्री किती?”

तो एकदम कावराबावरा झाला. इकडंतिकडं पाहून हळू आवाजात म्हणाला, “बी. कॉम. साहेब. पण नोकरी कुठंय?”

त्याचा काय दोष? हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. वाचकहो, याच प्रश्नासाठी हा सगळा लेख लिहितो आहे. पातं किती अंशांत हलतं? काही ठिकाणी हा आकडा अगदी उघड असतो. बॉशच्या जीओपी मालिकेत तर तो नावातच गुंफलेला आहे. ३०-२८ म्हणजे ३०० वॉट आणि २.८ अंश. ४०-३० म्हणजे ४०० वॉट आणि ३ अंश. ५५-३६ म्हणजे ५५० वॉट आणि ३.६ अंश. कपाळावर कुंडली छापून आलेलं स्थळ, पण आपण पाहतो ते पहिला आकडा आणि हुरळतो. चार अंशांपर्यंत हलणारीही यंत्रं आहेत.

आता बघा, अंशांचा हिशेब शाळेतल्या भूमितीचाच आहे. ज्या आसाभोवती पातं हलतं तिथपासून पात्याचं टोक ८५ मिलिमीटरवर आहे असं धरू. २.८ अंशांत ते टोक सुमारे ४.२ मिलिमीटर सरकतं. ३.६ अंशांत ते ५.३ मिलिमीटर सरकतं. फरक किती? जेमतेम सव्वा मिलिमीटर. तुम्ही म्हणाल, सव्वा मिलिमीटरसाठी हा माणूस एवढा आरडाओरडा करतो आहे! होय, करतो आहे. कपाटावरच्या सनमायकाची जाडीच मुळी एक मिलिमीटर असते. तुमच्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीची सगळी अब्रू त्या एका मिलिमीटरवर उभी आहे.

मोठा कोन म्हणजे मोठी झेप. झेप मोठी म्हणजे कापणं झपाझप, पण हाताला बसणारी थरथर जास्त आणि पातं लाकडाला पहिल्यांदा टेकतं तेव्हा घसरण्याची भीतीही जास्त. दिवसभर जुन्या चौकटी फोडणाऱ्याला, फरशा बसवणाऱ्याला तो मोठा कोन लाभतो. त्यानं तो अवश्य घ्यावा. पण आखलेल्या रेघेवर पातं ठेवून श्वास रोखून उभ्या राहणाऱ्या माणसाला लहान झेपच हवी. आपल्याकडे मोठं ते चांगलं असं मानायची इतकी सवय की, दुकानात उभं राहून “यातलं सगळ्यात कमी हलणारं दाखवा” म्हणायला छाती लागते. म्हटलं तर तो तरुण आपल्याकडे कीव येऊन पाहतो.

मेहुण्यांचं यावर उत्तर तयार होतं. “जास्त ताकदीचं घ्यायचं आणि कमी वेगानं चालवायचं. वेगाचं चाक असतंच की त्याला!” हा युक्तिवाद इतका गोंडस आहे की, तो मोडताना वाईट वाटतं. वेगाचं चाक फिरवलं की मिनिटाला वीस हजारांऐवजी आठ-दहा हजार हेलकावे होतात, हे खरं. पण हेलकावा जेवढा लांब होता तेवढाच लांब राहतो. लांब ढांगा टाकणारा माणूस सावकाश चालला म्हणून त्याच्या ढांगा आखूड होत नाहीत. तरी ते चाक हवंच. सागाच्या फळीत सुरुवात सावकाश करता आली पाहिजे, नाहीतर पातं तापतं, लाकूड काळं पडतं आणि घरभर होमाचा वास सुटतो. वॉटचा अर्थ असलाच तर एवढाच, की दाब पडल्यावर यंत्रानं मान टाकू नये. ते वॉटपेक्षा वेग टिकवून धरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सवर जास्त अवलंबून आहे, आणि ते डब्यावर बारीक अक्षरांत असतं. आपलं भलं करणारी गोष्ट बारीक अक्षरांत, हा व्यापारातला मी पाहिलेला एकमेव अपवाद.

मिस्त्रींनी काय केलं ते सांगतो. त्यांनी कुठलाच आकडा विचारला नाही. त्या तरुणाला म्हणाले, “पातं काढा आणि चालू करून माझ्या हातात द्या.” एक यंत्र त्यांनी मिनिटभर नुसतं धरलं. बंद केलं. कानामागची पेन्सिल काढून दुकानाच्या बिलबुकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर एक उभी रेघ ओढली. मग दुसरं यंत्र, मिनिटभर, आणि शेजारी दुसरी रेघ. मग तिसरं. सातशे वॉटवाल्यानंतरची रेघ भूकंपमापन केंद्रातून आल्यासारखी दिसत होती. तिन्ही रेघा त्यांनी मला दाखवल्या आणि म्हणाले, “सायेब, हत्यारानं ऐकायचं असतं. हे बोलतंय.” मोटर रबरावर टांगून थरथर मुठीपर्यंत येऊ न देणारी यंत्रं मिळतात. ती महाग आहेत, आणि ती का महाग आहेत हे पुठ्ठ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मग त्यांनी पातं बसवायला लावलं, यंत्र बंद ठेवून पात्याचं टोक चिमटीत धरलं आणि हलवून पाहिलं. टोक जरा जरी डुगडुगलं तरी यंत्र परत. लग्नातली पाहुणेमंडळीसुद्धा इतक्या चिमटीनं पैठणीचा पदर पाहत नाहीत. कारण उघड आहे. पकडीत अर्धा केस ढिलाई असेल तर टोकाशी तिचा दोरखंड होतो. पूर्वी ज्याची त्याची पकड वेगळी आणि ज्याची त्याची पाती वेगळी. २०१६ मध्ये बॉश आणि फाइन यांनी मिळून ‘स्टारलॉक’ नावाची पकड आणली. पात्याचा डोळा सपाट नाही, वाटीसारखा खोलगट. तो यंत्राच्या टोकावर खट्कन बसतो आणि हलत नाही. तिच्यातही तीन वर्ण आहेत. साधी, प्लस आणि मॅक्स. साधी पाती तिघांनाही चालतात, प्लसची पाती प्लस आणि मॅक्सला, मॅक्सची मात्र फक्त मॅक्सला. म्हणजे वरच्यानं खालच्याकडचं घ्यावं, खालच्यानं वरच्याकडचं मागू नये. समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी नोंद घ्यावी. नाजूक कामाला साध्या स्टारलॉकचीच बारीक पाती लागतात, तेव्हा मॅक्सचा मोह धरायचं काही कारण नाही. झट्कन पातं बदलणारी खटकी मात्र सोयीची, कारण ती नसली की सहा कोनांची किल्ली लागते आणि ती किल्ली हरवण्यासाठीच बनवलेली असते.

बॅटरीचं की वायरचं? यावर घराघरांत फूट पडलेली आहे. बॅटरीचं सुटसुटीत खरं. पण बॅटरी म्हणजे सासर. एकदा या घरची झाली की दुसऱ्या घरच्या यंत्राशी तिचा सहसा रोटी-बेटी व्यवहार नसतो. तुमच्याकडे एखाद्या कंपनीचं ड्रिल आधीच नांदत असेल तर त्याच घराण्यातलं घ्या. नसेल तर वायरचं घ्या. त्यात म्हातारी होणारी बॅटरी नसते आणि मागच्या बाजूला वजन लोंबकळत नाही.

आता पाती. खरा पैसा इथं जातो आणि तो जायलाच हवा. ज्याला बेचाळीस नगांचा डबा फुकट मिळाला तो माणूस पात्यावर शेकड्यांनी रुपये घालायला तयार होत नाही, आणि कार्बाइडचं पातं मागितलं तर त्याला घाम फुटतो. पण सागाच्या लाकडात मुळात सिलिका असते, म्हणजे वाळूचीच बहीण. साध्या पोलादाच्या पात्याचे दात ती गुपचूप झिजवते. प्लायवूडमधला डिंक तेच करतो. त्यातून जुन्या कपाटात कुठं खिळा लपलेला असेल सांगता येत नाही. साधं पातं खिळ्याला भेटलं की तो त्याचा शेवटचा दिवस. खिळ्याची शंका असेल तिथं दोन धातूंचं, म्हणजे बायमेटल पातं. कडक स्क्रू असेल तिथं कार्बाइड. आणि स्वच्छ लाकडात नुसती रेघ सुबक हवी तिथं जपानी करवतीसारख्या लांब धारदार दातांचं. रुंदी दहा मिलिमीटरपासून मिळते. नेहमीच्या कामाला तीसबत्तीस मिलिमीटरचं पुरे, आणि लांब सरळ खाचेला अर्धगोल. यंत्र थोडं स्वस्तातलं घेऊन उरलेले पैसे पात्यांत घातले तर मला आनंद आहे. उलटं करणाऱ्याशी मी बोलत नाही.

एवढं सगळं सांगून झालं की दुसरा एक पक्ष उभा राहतो. हा हातकामवाद्यांचा. “आमच्या आजोबांच्या वेळी कुठं होती ही भुतं? पटाशी, करवत, रंधा. झालं काम!” हे म्हणणाऱ्यांपैकी एकानंही भिंतीवर कॅलेंडरचा खिळा सरळ मारल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पटाशीबद्दलचा हा जाज्वल्य अभिमान नेहमी आरामखुर्चीत बसून व्यक्त होतो. पटाशी ज्यांच्या हातात पन्नास वर्षं आहे त्या आमच्या मिस्त्रींनी यंत्र पाहून एक शब्द वाईट काढला नाही. उलट ते म्हणाले की, हे आधी मिळालं असतं तर कपाटाच्या आत डोकं घालून उलट्या हातानं पटाशी मारताना मनगट गेलं नसतं. त्यांचं उजवं मनगट पावसाळ्यात दुखतं. त्या दुखण्याला परंपरा म्हणायचं असेल तर आरामखुर्चीतल्या मंडळींनी ते आपल्या मनगटात घेऊन पाहावं.

खिडकीचं काम झालं ते असं. रेघेवर आधी धारदार चाकूनं चर मारला, म्हणजे लाकडाचे तंतू ओरबाडले जाऊ नयेत. मग रेघेलगत सागाचाच एक सरळ ठोकळा शिकंजात आवळला आणि पात्याची पाठ त्या ठोकळ्याला टेकवली. पातं आता जाणार कुठं? डोळ्यांना चष्मा, नाकाला फडकं, कानांत बोळे. वेग कमी. आधी पात्याचा एक कोपरा टेकवून बारीक खाच पाडली, मग पूर्ण रुंदी. दाबायचं नाही, एका जागी रेटायचं नाही. जरा आत, जरा बाहेर, भुसा निघू द्यायचा, पुन्हा आत. लहान मुलाला औषध पाजतात तसं. वीस मिनिटांत चारी बाजू सुटल्या. शेवटच्या कोपऱ्यात केसभर लाकूड उरलं होतं, ते मिस्त्रींनी पटाशीनं काढलं. यंत्र आणि पटाशी एकाच खिडकीत शेजारी शेजारी बसली आणि दोघींचं भांडण झालेलं मला तरी ऐकू आलं नाही. खण शाबूत आहे. बोर्डाचं बटण कपाटात हात घालून लागतं, एवढाच काय तो नव्या जमान्याचा स्पर्श.

मेहुण्यांनी त्याच आठवड्यात ते सातशे वॉटचं बेचाळीस नगांसह घेतलं. स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या दाराला त्यांनी ते लावलं म्हणतात. त्या दाराबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलं आहे, म्हणून मीही बोलत नाही. परवा ते आमच्याकडे आले आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, “भावजी, तुमचं ते छोटं मशीन दोन दिवस द्या की.”

मी म्हटलं, “अवश्य न्या. पाती तेवढी तुमची आणा.”

“ती काय, बेचाळीस आहेत!” असं म्हणून ते घरी गेले आणि डबा घेऊन आले. आमच्या बैठकीच्या सतरंजीवर बसून त्यांनी एकेक पातं काढून लावून पाहिलं. सपाट डोळ्याची पाती आणि आमच्या यंत्राचं टोक वाटीचं. एकही बसेना. शेवटी त्रिकोणी पॉलिश पेपर हातात घेऊन ते बराच वेळ बसून राहिले. सौभाग्यवतींनी चहा आणून ठेवला.

“पण भावजी,” चहाचा घोट घेत मेहुणे म्हणाले, “तुमचं आहे तरी किती वॉटचं?”